रिपोर्टाच्या मागच्या बाजूला

मला एस्पेरांतो ही भाषा आण्णांनी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे घडलं ते सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि मूळ माणूस बाजूलाच राहतो. कुपवाडच्या एका लहान मशीनशॉपमधले म्हातारे इन्स्पेक्टर, सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याच्या घरातले, मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा नापास झालेले आमचे आण्णा. इकडं निम्म्या म्हाताऱ्यांना आण्णाच म्हणतात. त्यांनी मला व्हर्नियर धरायला शिकवलं, घाबरल्यावर आधी पाणी प्यायला शिकवलं, आणि एक अख्खी भाषा शिकवली. त्याबद्दल मी त्यांना काय दिलं, ते आता सांगते.

मी भंडाऱ्याकडची. नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे एक दिवस गेलेच नाही, दुसऱ्या दिवशीही गेले नाही, आणि कुणी विचारायला आलं नाही. मराठीच्या सरांनी मला फळ्यापुढं उभं करून माझं एक वाक्य सगळ्या वर्गाला म्हणायला लावलं होतं. 'मले तहान लागली.' सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आणि सगळे हसले. हसणाऱ्या प्रत्येकाच्या घरात 'मले'च म्हणतात. सरांच्या घरातही म्हणत असतील. तरी हसले. सरांनी माझ्या वहीतल्या 'मले'भोवती लाल गोल काढला तो कागद फाटेपर्यंत. त्या गोलाचा राग मला अजून येतो. एवढी वर्षं झाली, आता सोड, असं मला कुणी सांगू नये.

एकोणिसाव्या वर्षी ठेकेदाराच्या माणसाबरोबर आम्ही सहा मुली गोंदियाच्या गाडीनं निघालो. रात्र संपली, दिवस उजाडला, दुपार झाली, तरी गाडी चाललीच होती. सातारा आलं तेव्हा वाटलं आता आलं. मग कऱ्हाड आलं. मग दोन्ही बाजूंना नुसता ऊस. आमच्याकडं धानाच्या बांध्यांतून लांबवरचं दिसतं, इथं उसामुळं काहीच दिसेना, आणि मला वाटलं आपल्याला कुठंतरी लपवून ठेवायला नेतायत. सांगलीला उतरलो. वर्षभरात पाच जणी परत गेल्या. मी राहिले, कारण परत गेले असते तर त्याच शाळेवरून रोज जावं लागलं असतं.

काम म्हणजे इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसायचं. लेथवरून आलेली बुश, म्हणजे आखूड लोखंडी नळी, हातात घ्यायची, गेज घालायचा, जात असेल तर पास, अडकत असेल तर बाजूला. मला ओरडा बसण्याची इतकी भीती की मी एकेक बुश तीनतीनदा मोजायची. ड्रिलवर उंब्रजच्या आक्का होत्या. मनानं वाईट नव्हत्या, पण तोंड चालू. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पकडलं.

"आवं आण्णा, ऐकलासा का? ही पोरगी हो म्हणायला 'हाव' म्हणती. कसली गं एवढी हाव सुटलीया तुला?"

"नाही जी," मी म्हटलं.

"आनि हे 'जी'! बया, फौजेत हाईस व्हय गं?"

सगळं शॉप हसलं. मी त्या दिवसापासून बोलायचंच बंद केलं. मान हलवायची, बोट दाखवायचं. गंमत अशी, की याच आक्का एकदा मुलाच्या ॲडमिशनला पुण्याला गेल्या आणि तिथल्या खिडकीवरच्या बाईनं त्यांचं 'न्हाई' आणि 'कवा' ऐकून तोंड वाकडं केलं, तर आल्यावर चार दिवस धुमसत होत्या. "आमी काय जनावरं हाय व्हय?" म्हणत होत्या. मला मनात वाटलं, आता कळलं का. पण त्यांना कळलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा 'हाव, हाव' सुरू.

आण्णा हसायचे नाहीत. ते माझ्या शेजारच्या टेबलाला बसायचे, जाड भिंगाचा चष्मा, कानाच्या मागं पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी मी पास केलेली एक बुश उचलली, उलटी केली, आणि खालच्या कडेवरून माझं बोट फिरवलं. बोटाला खरखर लागली. कापताना पातळ कड राहते तिला बर म्हणतात.

"वरनं समदेच बघत्यात," ते म्हणाले. "बर खाली असती. जॉब उलटून बघितल्याबिगर पास करायचा न्हाई. कदीच न्हाई."

ही एकच गोष्ट लक्षात ठेवा. मीही ठेवली होती.

आण्णा सूर्य मावळल्यावर जेवत नसत. शॉप सहाला सुटायचं आणि त्यांचं गाव लांब. थंडीच्या दिवसांत घरी पोचेपर्यंत अंधार पडणार, म्हणून दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत ते साडेपाचला टेबलावरच रात्रीचा डबा उघडायचे. भाकरी, उसळ, कधी नुसतं दही. थोरल्या शेठनी त्यांना त्यासाठी वीस मिनिटं दिलेली होती. दहा मिनिटांत जेवण व्हायचं. उरलेल्या दहात ते रॅकमधून जुन्या इन्स्पेक्शन रिपोर्टांची चळत काढायचे. आमचे रिपोर्ट एका बाजूनं छापलेले, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर ते बारीक अक्षरात काहीतरी लिहायचे.

पहिल्या हिवाळ्यात एकदा त्यांच्या हातून कागद उडाला आणि माझ्या पायाशी पडला. मी उचलला. मराठी शब्द होते, आणि त्यांच्यापुढं भलतेच शब्द.

"हे का आहे जी?" मी विचारलं. कितीतरी दिवसांनी मी पूर्ण वाक्य बोलले होते.

"भाषा हाय."

"कोणत्या देशाची?"

"कुठल्याच न्हाई."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी मला बसवलं. तरुणपणी, दुसऱ्यांदा नापास झाल्यावर, त्यांना कुणीतरी एक पत्रक दिलं होतं. टपालानं धडे यायचे. त्यांनी ते पुरे केले. पुढं कितीक वर्षं त्यांचा बल्गेरियातल्या एका शिंप्याशी आणि जपानमधल्या एका स्टेशनमास्तराशी पत्रव्यवहार होता. सांगली जिल्ह्याबाहेर फारसा न गेलेला हा माणूस त्या शिंप्याला हळद कशी शिजवतात, कशी वाळवतात ते कळवायचा.

"तुलाबी यील," ते म्हणाले. "सोळा नियम. अपवाद एकबी न्हाई."

अपवाद नाही हे ऐकून मला विश्वासच बसेना. शाळेत मला जे जे चुकलं ते सगळं अपवादातच चुकलं होतं.

मग दुसऱ्या दिवसापासून रोज दहा मिनिटं. वस्तूचं नाव असेल तर शेवटी 'ओ'. गुण असेल तर शेवटी 'आ'. वडील म्हणजे पात्रो. अनेक असले की त्याला 'य' लावायचा, पात्रोय. 'इन' घातलं की बाई होते, म्हणून आई म्हणजे पात्रीनो. यावर मी म्हटलं, आईला बापाची शेपटी कायले लावली? आण्णांनी भाकरीचा घास तसाच हातात धरून विचार केला आणि म्हणाले, "तुजं बरोबर हाय. ही भाषा ज्या डॉक्टरनं केली, त्यानं तितं खालनं बघितलं न्हाई."

काम करणं म्हणजे लाबोरी. मी काम करते, 'मी लाबोरास'. केलं, लाबोरिस. करीन, लाबोरोस. तो, ती, ते, आपण, कुणीही केलं तरी क्रियापद तेच. आणि 'मी' म्हणजे तिथंही 'मी'च! हे ऐकून मी इतकी हसले की आक्कांनी ड्रिल बंद करून बघितलं. ज्या भाषेत मी 'मी'च राहते तिची मला भीती वाटेना.

ज्याच्यावर क्रिया होते त्या शब्दाला शेवटी 'न'. आण्णा म्हणायचे, "मशीन कुनावर चाललंय? जॉबवर. मग जॉबाला 'न'चा शिक्का मार. मग शब्द पुढं ठेव न्हाईतर मागं ठेव, कोन कापतंय आनि कोन कापलं जातंय ते चुकायचं न्हाई." आणि 'माल' लावलं की उलटा अर्थ. मोठा ग्रांदा, लहान मालग्रांदा. धडधाकट साना, आजारी मालसाना. आजारी माणूस मालसानुलो. तसल्या माणसांची जागा, म्हणजे दवाखाना, मालसानुलेयो. थोडेच शब्द पाठ करायचे, बाकीचे आपण जोडून करायचे, शॉपमध्ये चार पार्ट जोडून असेंब्ली करतो तसे. जो शब्द मी कधी ऐकला नाही तो मी स्वतः करू शकत होते आणि तो बरोबर असायचा. आयुष्यात पहिल्यांदा मी काही बोलले आणि ते बरोबर होतं.

ती भाषा कुणी केली तेही आण्णांनी सांगितलं. पोलंडकडचं एक गाव, तेव्हा रशियाच्या राज्यात. एकाच बाजारात चार जातीचे लोक, चार भाषा, आणि एकमेकांचा द्वेष. त्या गावात वाढलेल्या एका ज्यू मुलाला वाटायचं, हे सगळे भांडतात कारण यांना एकमेकांचं बोलणं कळत नाही. शाळेत असतानाच तो भाषा जुळवायला लागला. पुढं डॉक्टरकी शिकायला लांब गेला, तर मागं बापानं त्याचे कागद जाळून टाकले, असं सांगतात. पोरगं वेडं होईल म्हणून बापाला भीती. मुलानं परत आल्यावर आठवून आठवून सगळं पुन्हा लिहिलं. मोठेपणी तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. पुस्तक छापलं तेव्हा स्वतःचं नाव न घालता 'आशा करणारा डॉक्टर' असं टोपणनाव घातलं. एस्पेरांतो म्हणजे तेच, आशा करणारा. लोकांनी भाषेलाच ते नाव देऊन टाकलं.

"बापाला काही बोलला का तो?" मी विचारलं.

"न्हाई. लिहाय बसला."

मला त्या बापाचा राग आला आणि त्याहून जास्त त्या मुलाचा. आणि मला डॉक्टरचं म्हणणंही पटलं नव्हतं, तेही मी आण्णांना सांगितलं. एक भाषा असली की माणसं भांडत नाहीत? आमच्या वर्गात सगळे 'मले'वालेच होते. इथं शॉपमध्ये सगळ्यांची मराठीच आहे. माझं बोलणं आक्कांना कळत नाही असं थोडंच आहे? कळतं म्हणून तर हसतात.

आण्णा डबा धुता धुता म्हणाले, "व्हय. ते बी खरंच हाय. पर ह्या भाषेत कुनाचंबी घर न्हाई. समदेच पावने. मग कोन कुनाला म्हननार, तुजं चुकलं, आमच्यात असं न्हाई म्हनत?"

त्याच आठवड्यात त्यांनी मला तो शब्दकोश नीट दाखवला. मराठीतून एस्पेरांतोत. इतकी वर्षं त्यांनी तोच लिहिला होता, दहा दहा मिनिटं करून. त्यात पुस्तकी शब्द होतेच, पण खुरपं होतं, हुरडा होता, लेथवरची बर होती. 'खूप'च्या खाली 'लय' होतं. इकडच्या कन्नड वळणाचे कितीक शब्द होते. त्यांनी 'म'चं पान काढलं. तिथं 'मला' लिहिलेलं, पुढं 'मिन' आणि 'आल मी'. आण्णांनी कानामागची पेन्सिल काढली आणि 'मला'च्या शेजारी लिहिलं, 'मले (भंडाऱ्याकडे)'. वाक्यही घातलं. मले पाणी दे. दोनु आल मी आक्वोन.

त्याच्याभोवती गोल नव्हता. मी त्या कागदाकडं बघत राहिले आणि सहाचा भोंगा झाला तरी उठले नाही. त्यानंतर मी त्यांना माझे शब्द आणून द्यायला लागले. काहून म्हणजे का, कायले म्हणजे कशाला, बांधी म्हणजे धानाचं शेत, पऱ्हं म्हणजे धानाची रोपं. ते प्रत्येकाचा अर्थ दोनदोनदा विचारून मगच लिहायचे. शॉपमध्ये मी हळूहळू बोलायला लागले. आक्का हसल्या तरी बोलायला लागले.

थोरले शेठ गुडघ्यानं घरी बसले आणि धाकटे शेठ आले. पुण्यात शिकलेले. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर रिपोर्टातला शेरा इंग्रजीतच पाहिजे असा हुकूम काढला. मी एकदा मराठीत 'खाली बर आहे' लिहिलं तर सगळ्यांसमोर कागद वर धरून म्हणाले, "हे कस्टमरला पाठवू? आपली लाज काढायची आहे का? जमत नसेल तर सांग, ठेकेदाराला दुसरी मुलगी मागतो." पुन्हा सगळ्यांपुढं माझंच वाक्य. पुन्हा तेच. त्या दिवसापासून मी त्यांच्या बुटांचा आवाज ओळखायला लागले. ते आले की मी मान खाली घालायची. मी इंग्रजी शेरे चित्रासारखे बघून उतरवायला लागले.

आण्णांच्या एका डोळ्यात काचबिंदू निघाला. दुसऱ्याचंही खरं नव्हतं. नवरात्र बसायच्या आधी ते मिरजेला ऑपरेशनला गेले. जाताना म्हणाले, "आटवड्यात येतो मालसानुलेयोतनं. ड्रॉवरमदला गठ्ठा तेवडा संबाळ." ड्रॉवरमध्ये चालू पानं होती. मी ती त्याच संध्याकाळी पिशवीत घालून खोलीवर नेली. मला वाटलं, एवढंच आहे. बाकीचे गठ्ठे घरी असतील. इतकं मोलाचं काम कुणी शॉपच्या रॅकमध्ये ठेवेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. पण ते तिथंच ठेवत होते. घरी कोंदट होतं, वाळवी लागायची. शॉपमधलं लोखंडी रॅक कोरडं. आणि कुणी विचारू नये म्हणून प्रत्येक गठ्ठा छापील बाजू वर करून बांधलेला, जुन्या रिपोर्टांच्या ओळीत, जुन्या रिपोर्टांसारखाच.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. त्याच्या आधी दोन दिवस शॉप धुवून काढतात, मशीनला ऑइलपेंट मारतात, भंगारवाल्याला बोलावतात. त्या वर्षी वर कस्टमरचं ऑडिटही होतं. धाकटे शेठ रॅकपुढं उभे राहिले.

"हे जुने रिपोर्ट सगळे काढा. रॅक मोकळं पाहिजे. सगळं आता कॉम्प्युटरवर आहे."

मी म्हटलं, "आण्णा आल्यावर..."

"आण्णांना विचारून चालतं का शॉप?"

आक्का वरून एकेक गठ्ठा खाली देत होत्या, मी सुतळीनं पाच-पाच एकत्र बांधत होते. खालच्या खणातले गठ्ठे आले तेव्हा माझा हात थांबला. त्यांना सुतळी नव्हती. पांढऱ्या दोऱ्याची गाठ होती, दुहेरी, आणि टोकं आत खोचलेली. आण्णा डब्याच्या फडक्याला अशीच गाठ मारायचे. मी दोन वर्षं रोज ती बघितली होती.

मी ओळखली. हे आण्णांखेरीज मी कुणाजवळ बोलले नाही, इथं लिहिते. मी गाठ ओळखली, आणि वर छापील रिपोर्ट बघून स्वतःला म्हटलं, रिपोर्टच आहेत, आण्णांनी बांधले असतील. उलटून बघायला एक क्षण लागला असता. मागं बूट वाजले. "इथं चाळत बसायला वेळ नाहीये." मी बांधलं. पाच गठ्ठे एकत्र, मग आणखी पाच. मी, जी दिवसाला शेकड्यानं बुश उलटून बघते. एक गठ्ठा उलटला नाही.

आण्णा खंडेनवमीच्या दिवशी पूजेला आले. डोळ्यावर काळा चष्मा, हातात झेंडूची माळ. आपल्या टेबलाला घातली, मग रॅकपाशी गेले आणि खालच्या खणात हात घातला. हात डावीकडून उजवीकडं फिरला. परत फिरला. खण ओला होता, नुकताच पुसलेला. त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, पण मी कुठं उभी आहे ते त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळं ते माझ्या शेजारच्या खांबाकडं बघत म्हणाले, "ह्यातलं कुटं ठेवलं गं?"

मी पळत सुटले. चप्पलही शॉपच्या दारातच राहिली. चौकाच्या पलीकडं भंगारवाल्याचं गोडाऊन, तिथं पोचले तर तो म्हणाला, "आवं ताई, रद्दीची गाडी काल सकाळीच गेली की. मिलला. आता लगदा झाला असंल." मी त्याच्यावर ओरडले. त्याचा काय दोष होता? पण मी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते आणि आता थांबता येईना. त्यानं बिचाऱ्यानं मला आत सोडलं. तासभर मी पुठ्ठे उपसत होते. तळाला एक गठ्ठा सापडला, सुतळी तुटून गाडीत चढवताना पडलेला. तेलानं अर्धा भिजलेला. त्यात 'प'पासून अर्ध्या 'भ'पर्यंतचे शब्द होते. 'म' नव्हता.

धाकट्या शेठना मी शब्दकोशाचं सांगितलं. सगळ्यांसमोर सांगितलं, त्यांच्या बुटांकडं न बघता. त्यांना खरंच वाईट वाटलं, पण वाईट वाटायची त्यांची पद्धत अशी, की ते म्हणाले, "मला कुणी सांगायला नको का? आणि मोबाइलवर आहे ना सगळं, कुठल्याही भाषेचं भाषांतर मिळतं आता."

"मोबाइलमध्ये 'पऱ्हं' आहे का?" मी विचारलं.

"काय?"

"पऱ्हं. 'काहून' आहे? 'बर' आहे, बुशवरची? आहे का बघा ना जी!"

"हळू बोल," ते म्हणाले.

"नाही बोलत हळू!"

उंब्रजच्या आक्का मधे आल्या. मला वाटलं मला ओढायला. त्या शेठकडं बघून म्हणाल्या, "ती बराबर बोलतीया सायेब. तेवडं बगून सांगा." आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवला. शेठनी मोबाइल काढला नाही. ते ऑफिसात गेले. मला काढून टाकलं नाही, कारण ऑडिट होतं आणि इन्स्पेक्शनला आता मी एकटीच होते.

आण्णा पुन्हा कामावर आले नाहीत. ऑपरेशननं जेवढं होतं तेवढं टिकलं, गेलेलं परत आलं नाही. त्यांना आता माणूस दिसतो, अक्षर दिसत नाही. लोक म्हणायचे, बघ, बिचारे शांत आहेत, काहीच बोलले नाहीत. ते ऐकून माझं डोकं फिरायचं. काहीच बोलले नाहीत म्हणून तर राग येतो. माणसाच्या इतक्या वर्षांच्या संध्याकाळी तुम्ही लगद्यात घालता, आणि तो बोलत नाही याचं तुम्हाला कौतुक!

पहिल्या रविवारी मी बस बदलून त्यांच्या गावाला गेले. ते ओट्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सुतळी कुणी बांधली ते सांगितलं. गाठ ओळखली होती तेही सांगितलं. मराठी पुरेना तेव्हा म्हटलं, "पार्दोनु मिन, आण्णा." मला क्षमा करा. शेवटचा 'न' लावलेला. क्रिया माझ्यावर व्हायची होती.

मला वाटलं आता तरी ओरडतील. मला ते हवं होतं.

"गाट वळखलीस," ते म्हणाले. "आनि उलटून बघितलं न्हाईस."

"नाही जी."

"का?"

"भ्याले."

त्यांनी मान हलवली, एखाद्या रिजेक्ट जॉबचं कारण सापडल्यावर हलवायचे तशी. मग आत हाक मारून पाणी मागवलं. तांब्या आल्यावर माझ्या बाजूला सरकवला.

"मी कोलेरास," ते म्हणाले. मी रागावलोय. "लय दिवस राहनार हाय हा राग. तू म्हनशील गेला, तर गेलेला नसनार. पानी पी. कागद आनलायस का?"

माझ्या पिशवीत ड्रॉवरमधली ती पानं होती, तेलकट 'प' होता, आणि शॉपमधले रद्द रिपोर्ट होते. मी ते मांडीवर उलटे ठेवले.

"लिही. 'अ'."

तेव्हापासून रविवार असाच जातो. ते आठवतात, मी लिहिते. कधी कधी एका शब्दावर अडतात, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात जुळवत राहतात, आणि नाहीच आलं तर म्हणतात, "तू कर." मग मी मुळाला मूळ जोडून शब्द करते. ते ऐकतात. बरोबर असेल तर "हं" म्हणतात, चुकलं तर गप्प बसतात. उन्हाळ्यात उशिरापर्यंत बसता येतं. थंडीत ते सूर्य मावळायच्या आत जेवायला उठतात, मलाही वाढतात, आणि मी शेवटची बस धरते. अजून 'क'च संपला नाही. मी नवीन शब्द आले की घालते, आक्कांनी सांगितलेले उंब्रजचेही. त्यांनी स्वतःहून सांगितले. "आमचं 'कवा' घातलंस का गं त्येच्यात?" म्हणून विचारून गेल्या.

मला भीती वाटते. रोज वाटते. आण्णांचं वय झालंय, उरलेली नजरही जाईल, माझा ठेका संपेल, मी परत पाठवली जाईन आणि हे अर्धंच राहील. रात्री खोलीवर आल्यावर मी गठ्ठे बाहेर काढते, एकेक उलटून बघते आणि पुन्हा ठेवते. शाळेतल्या त्या सरांचा राग येतो, बुटांचा येतो, माझ्या सुतळीचा येतो. तो जावा असं मला वाटत नाही. तो आहे तोवर मी लिहीन.

आण्णा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. तुम्ही माझा शब्द तुमच्या कागदावर घेतलात, आणि मी तुमचे कागद बांधून दिले. याची फेड रविवारांत होत नाही, मला माहीत आहे. पण हा शब्दकोश मी 'ज्ञ'पर्यंत नेईन. मग तो स्वच्छ कोऱ्या कागदांवर उतरवीन, ज्यांच्या दुसऱ्या बाजूला कुठल्याच कंपनीचं काही छापलेलं नसेल, आणि एक दिवस तुमच्या ओट्यावर आणून तुमच्या हातात ठेवीन. तुम्ही उलटून बघा. दोन्ही बाजूंनी तुमचेच शब्द असतील.